बडोद्याच्या बाळांसाठी संशोधन: कोणता प्रश्न आधी घ्यायचा, हे ठरवण्याची रीत

बालविकासावरचं संशोधन बहुतेक वेळा उलट्या टोकाकडून सुरू होतं. हाताशी एखादी चाचणी असते, जवळ एखादी बालवाडी असते, सहा महिन्यांची मुदत असते; मग या तिन्हींत बसेल असा प्रश्न शोधला जातो. साठ मुलं तपासून होतात, तक्ते तयार होतात, प्रबंध जमा होतो. आणि वाघोडिया रस्त्यावरच्या बांधकामावर झोळीत झोपलेल्या बाळाबद्दल आपल्याला काल जेवढं ठाऊक होतं तेवढंच आजही असतं.

इथे दिलेली रीत प्रश्नापासून सुरू होते. ती विद्यार्थ्यांसाठी आहे, तशीच बालरोगतज्ज्ञांसाठी आणि अंगणवाड्यांबरोबर काम करणाऱ्या लहान संस्थांसाठीही. नीट केली तर साधारण चार महिने लागतात. काम सांभाळणारी दोन माणसं, एक लॅपटॉप आणि फिरण्याचा खर्च एवढ्यावर ती होते. शेवटी हाती येते दहा-पंधरा प्रश्नांची क्रमवार यादी, आणि प्रत्येक प्रश्न त्या जागी का आहे हे दाखवणारे गुण. पद्धतीचं मूळ चाइल्ड हेल्थ अँड न्यूट्रिशन रिसर्च इनिशिएटिव्ह या आंतरराष्ट्रीय उपक्रमात आहे. तिला सगळे सीएचएनआरआय म्हणतात. पुष्कळ माणसांनी एकमेकांशी न बोलता, ठरलेल्या निकषांवर, प्रत्येक प्रश्नाला गुण द्यायचे, हा तिचा गाभा.

आकडे काय सांगतात, काय सांगत नाहीत

विकसनशील देशांत पाच वर्षांखालची सुमारे २१.९ कोटी मुलं आपल्या क्षमतेइतकी वाढत नाहीत, असा अंदाज २००७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यातली ८.९ कोटी दक्षिण आशियातली होती. २०१६ साली सुधारित अंदाज आला: कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली सुमारे २५ कोटी, म्हणजे ४३ टक्के मुलं. हे आकडे प्रत्येक अर्जाच्या पहिल्या परिच्छेदात असतात, पण ते कसे काढले हे क्वचितच लिहिलेलं असतं. त्यासाठी कुणी मुलांचं बोलणं, चालणं, समजणं मोजलेलं नाही. वयाच्या मानाने खुजी असलेली किंवा अत्यंत गरीब घरातली मुलं मोजली आणि ती विकासात मागे पडण्याचा धोका आहे असं धरलं. त्या वेळी दुसरा मार्गही नव्हता. पण आपल्या शहरातल्या दोन वर्षांच्या मुलाचा शब्दसंग्रह किती, याचं उत्तर त्या आकड्यांत मिळणार नाही.

गुजरातचंही तसंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) राज्यातली ३८.५ टक्के मुलं खुजी होती, पाचव्या फेरीत (२०१९-२१) ३९ टक्के. सहा महिने ते पाच वर्षं वयातला रक्तक्षय ६२.६ वरून ७९.७ टक्क्यांवर गेला. रक्तक्षयाचा हा आकडा कुणालाही अस्वस्थ करेल. तरीही तो रक्ताचा आकडा आहे. त्या मुलांच्या लक्ष देण्यावर, चालण्या-बोलण्यावर काय परिणाम होतोय हे त्या पाहणीत तपासलेलंच नाही. वाढ नेहमी मोजली जाते आणि विकास क्वचितच मोजला जातो, ही आशियातल्या बहुतेक विकसनशील देशांतली पहिली उणीव आहे. यादी करताना ती सतत डोळ्यांसमोर राहू द्या.

पहिली पायरी: कुंपण घालून घ्या

"बडोद्यातल्या मुलांचा विकास" हा विषय होत नाही. एका वाक्यात चार गोष्टी लिहा: कोणती मुलं, कुठली, किती वर्षांत उत्तर हवं आणि ते उत्तर कोण वापरणार. उदाहरणार्थ: "बडोदे शहरात आणि लगतच्या बांधकामांवर राहणारी तीन वर्षांखालची मुलं, पाच वर्षांत वापरता येतील अशी उत्तरं, वापरणार महापालिकेच्या अंगणवाड्या, आशा आणि बालरोगतज्ज्ञ."

वय तीनच्या खालीच ठेवा, असा आमचा आग्रह आहे. तीन ते सहा वर्षांचं मूल अंगणवाडीत रोज येतं, कुणाच्या तरी नजरेस पडतं. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलासाठी घरी बालशक्ती या पूरक आहाराची पाकिटं जातात, ममता दिवसाला लस आणि वजन होतं, आणि बाकीचे दिवस ते आई-आजीच्या हातात असतं. मेंदूची सर्वांत झपाट्याची वाढ याच काळात होते आणि व्यवस्थेला सर्वांत कमी दिसणारं मूलही हेच.

दांडिया बाजार, रावपुरा, वाडी इथल्या जुन्या घरांतली मुलं, शहराच्या कडेच्या वस्त्यांतली मुलं आणि दाहोद-छोटा उदेपूरहून आलेल्या मजुरांची मुलं एकाच यादीत कोंबू नका. तिन्हींचे प्रश्न वेगळे असतात. एकत्र केले की सरासरी निघते आणि मजुराचं मूल त्या सरासरीत हरवतं.

दुसरी पायरी: उत्तर मिळालेले प्रश्न बाजूला काढा

इथे तीन आठवडे द्या, कमी नकोत. कारण गोळा होणाऱ्या प्रश्नांपैकी बऱ्याच प्रश्नांची उत्तरं जगात कुठे तरी मिळून चुकलेली असतात.

मिठात आयोडीन घातल्याने गलगंड कमी होतो हे कांगडा खोऱ्यात १९५६ साली सुरू झालेल्या प्रयोगाने दाखवलं. त्यावर नवा अभ्यास नको. बाळाशी रोज बोलण्या-खेळण्याचं मार्गदर्शन आईला घरी जाऊन दिलं तर मुलाचा विकास सुधारतो, हे आधी जमैकात, मग बांगलादेशात दिसलं. पाकिस्तानातल्या सिंधमध्ये सरकारच्याच लेडी हेल्थ वर्करकडून ते करून घेतलं आणि २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तेव्हा "आईने बाळाशी खेळल्याने फायदा होतो का?" हा प्रश्न खोडा. त्याच्या जागी लिहा: "जिच्याकडे आधीच नोंदी, शिजवणं, वजनं आणि सर्वेक्षणं आहेत ती सेविका हे मार्गदर्शन आठवड्यातून किती घरांत, किती मिनिटं देऊ शकते, आणि तेवढ्याने फरक पडतो का?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुणी आयतं देणार नाही.

नकारार्थी उत्तरंही तेवढीच कामाची. बांगलादेशातल्या मोठ्या वॉश बेनिफिट्स चाचणीत (निष्कर्ष २०१८) पाणी शुद्ध करणं, संडास आणि हात धुणं यांनी मुलांची उंची वाढली नाही. ती थोडी वाढली पोषणाच्या हस्तक्षेपाने. तेव्हा "स्वच्छतेने खुजेपणा हटेल" असं गृहीत धरलेला प्रश्न पुन्हा तपासून लिहायला हवा. आणि चांगल्या अग्रक्रमाचं काय होतं ते पाहायचं असेल तर बांगलादेशातलीच हळद पाहा. गरोदर बायकांच्या रक्तात शिसं कुठून येतं हा साधा प्रश्न धरून संशोधक हळदीतल्या लेड क्रोमेट या शिसं असलेल्या पिवळ्या रंगापर्यंत पोचले. २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत भेसळ होती, सरकारी कारवाईनंतर २०२१ मध्ये एकाही नमुन्यात नाही. शिशाने मुलांच्या बुद्धीचं नुकसान होतं हे सगळ्यांना आधीच माहीत होतं. इथे ते येतं कुठून, एवढंच शोधायचं होतं.

घरचं वाचायला विसरू नका. प्रमिला फाटक यांनी महाराजा सयाजीराव विद्यापीठात बडोद्याच्याच बाळांवर प्रमाणित केलेली विकासमापन श्रेणी आजही देशभरचे बालरोगतज्ज्ञ 'डासी' या नावाने वापरतात. एक ते तीस महिने वयासाठी ६७ कारक (हालचालींच्या) आणि १६३ मानसिक बाबी, सुधारित आवृत्ती १९९७ची. तिच्यावरूनच ५४ बाबींची छोटी बडोदा चाचणी झाली. म्हणजे आपल्या शहरात हे काम परकं नाही. हंसा मेहता ग्रंथालयात आणि मानव विकास विभागात जुने प्रबंध आहेत. किमान त्यांची शीर्षकं आणि सारांश चाळा. तीस वर्षांपूर्वी विचारलेला आणि तिथेच थांबलेला प्रश्न पुन्हा उचलणं हाही अग्रक्रमच आहे.

तिसरी पायरी: प्रश्न गोळा करणं

पन्नास माणसं पुरेत, पण ती कोण यावर सगळं अवलंबून. आमची विभागणी अशी: बारा अंगणवाडी सेविका आणि तेडागर (मदतनीस), सहा आशा, आठ डॉक्टर-थेरपिस्ट, सहा बालवाडी शिक्षिका, बारा आया आणि सहा जण आजी-आजोबा-वडील. शिक्षकांनी आणि डॉक्टरांनीच भरलेल्या यादीत चाचण्यांचे आणि आजारांचे प्रश्न येतात. "रात्री कामावरून आल्यावर बाप मुलाशी काय बोलतो" हा प्रश्न येत नाही.

"कोणतं संशोधन व्हायला हवं?" असं कुणालाही विचारू नका. समोरची व्यक्ती संकोचते किंवा वर्तमानपत्रात वाचलेलं सांगते. असं विचारा: "मुलांबद्दल असं काय आहे जे तुम्हाला कळत नाही, आणि कळलं तर तुमचं काम सोपं होईल?" सेविकेला गुजरातीतच: "बेन, बाळकोनी बाबतमां एवुं शुं छे जे समजातुं नथी, ने समजाय तो तमारुं काम सहेलुं थाय?" वाड्यातल्या आजीला मराठीत, आणि "तुमच्या वेळी कसं होतं?" इथून सुरुवात करून. मजूर आईला तिच्या बोलीत. राठवी किंवा भिली समजणारी बाई बरोबर नसेल तर त्या दिवशी जाऊ नका, अर्धवट हिंदीत घेतलेलं उत्तर कामाचं नसतं.

एका व्यक्तीकडून तीन प्रश्न, जास्त नाहीत. सासू समोर असताना सुनेला विचारू नका, मुकादम समोर असताना मजूर आईला विचारू नका. ममता दिवशी सेविकेला गाठू नका; त्या दिवशी ती तोंडदेखलं काही तरी सांगून मोकळी होते. अंगणवाडी सुटल्यावर, नोंदी उरकल्यावर वीस मिनिटं मागा. आणि ती जे बोलली ते तिच्याच शब्दांत लिहा; सुधारलेली भाषा पुढच्या पायरीसाठी राखून ठेवा.

चौथी पायरी: तक्रारीचा प्रश्न करणं

खरं कौशल्य इथे लागतं आणि बहुतेक यादी इथेच बिघडते. गोळा झालेल्या दीडशे वाक्यांपैकी शंभर तरी तक्रारी असतात: "मुलं मोबाइलशिवाय जेवत नाहीत." "बालशक्तीचं पाकीट घरातले सगळेच खातात." "दोन वर्षांचा झाला तरी बोलत नाही." प्रत्येक वाक्यातून अभ्यासता येईल असा प्रश्न काढायचा: कोणत्या मुलांत, काय केलं किंवा काय घडलं तर, कशाच्या तुलनेत, काय बदलतं, किती काळात.

"मोबाइलशिवाय जेवत नाही" यातून किमान तीन प्रश्न निघतात. नऊ ते चोवीस महिन्यांच्या किती मुलांना जेवताना रोज मोबाइलचा पडदा दाखवला जातो? हे वर्णनाचं झालं. पडदा दाखवत भरवताना आई मुलाशी बोलते ते शब्द आणि तिची प्रतिसाद देण्याची पद्धत किती बदलते? हे कारणाचं. आणि पाकीट देताना सेविकेने "बोलत भरवा" हे करून दाखवलं तर आठ आठवड्यांनी पडदा कमी होतो का? हे पोचवण्याचं. तिन्ही वेगळे आहेत, तिन्हींना वेगळा अभ्यास लागतो. एकत्र लिहिले तर गुण देणारा गोंधळतो आणि मधला आकडा टाकतो.

भाषेचा प्रश्न जरा जास्त सावकाश लिहा, कारण तो बडोद्याच्या मराठी घरांचा स्वतःचा प्रश्न आहे. घरात मराठी, ओट्यावर गुजराती, टीव्हीवर हिंदी, आणि आता नर्सरीत इंग्रजी. मूल उशिरा बोलतं तेव्हा बालरोगतज्ज्ञापासून शेजारणीपर्यंत सगळे सांगतात: "एकच भाषा बोला." खरं पाहता बऱ्याचदा मोजण्यात चूक असते. एकाच भाषेची शब्दयादी वापरली तर "मांजर" न म्हणता "बिलाडी" म्हणणारं मूल तो शब्द येत नाही असं नोंदवलं जातं. मोजायचं ते दोन प्रकारे: सगळ्या भाषांतले मिळून शब्द किती, आणि कल्पना किती. "मांजर" आणि "बिलाडी" हे शब्द दोन, कल्पना एक. मराठी-गुजरातीत "पाणी", "दूध" सारखेच आहेत; तेच शब्द दोनदा मोजले जाऊ नयेत म्हणून यादी बसवतानाच खूण करा. मग प्रश्न असा लिहिता येतो: "बडोद्यातल्या द्विभाषिक-त्रिभाषिक घरांतल्या १८ ते ३० महिन्यांच्या मुलांचा कल्पनांचा एकूण साठा एकभाषिक मुलांइतका असतो का, आणि खरा उशीर ओळखायचा तर सीमारेषा कुठे आखायची?" या उत्तराने उगाच घाबरवलेली आणि उगाच धीर दिलेली, दोन्ही घरं वाचतील. फिलिपिन्सपासून नेपाळपर्यंत बहुभाषिक आशियातल्या प्रत्येक शहराला हा प्रश्न लागू आहे.

दोघांनी मिळून एकत्रीकरण करा, एकट्याने नको. एकट्याला आपल्या आवडीचे प्रश्न "वेगळे" वाटतात आणि नावडते "तेच ते" वाटतात. प्रत्येक अंतिम प्रश्नापुढे मूळ वाक्यांचे क्रमांक ठेवा, म्हणजे सेविकेचं म्हणणं कुठे गेलं हे तिला दाखवता येईल. शेवटी चाळीसच्या आसपास प्रश्न राहू द्या. साठ झाले की गुण देणारे कंटाळून शेवटच्या वीसांना सरसकट सारखे गुण देतात.

पाचवी पायरी: गुण

पाच निकष. या प्रश्नाचं उत्तर, नैतिक चौकटीत राहून, मिळू शकतं का? मिळालेल्या उत्तरावरून केलेला उपाय परिणामकारक ठरेल का? तो आपल्या व्यवस्थेतून, आपल्या पैशात पोचवता येईल का? त्याने मागे पडणाऱ्या मुलांची संख्या लक्षणीय घटेल का? आणि फायदा सर्वांत वंचित मुलांपर्यंत पोचेल का?

प्रत्येक निकषाला एकच उत्तर: होय असेल तर १, नाही असेल तर ०, जाणकार असूनही ठरवता येत नसेल तर ०.५, आणि त्या बाबतीत काही माहितीच नसेल तर जागा रिकामी. रिकामी जागा म्हणजे शून्य नव्हे. हे पत्रकावर ठळक छापा आणि तोंडी पुन्हा सांगा, कारण स्प्रेडशीटमध्ये रिकाम्या जागी शून्य भरलं गेल्याने आख्खी यादी उलटीपालटी होते.

समजा, वीस जणांनी एका प्रश्नाच्या पहिल्या निकषावर गुण दिले: चौदा जणांनी १, तिघांनी ०.५, एकाने ०, दोघांनी जागा रिकामी सोडली. बेरीज १५.५, भागायची अठराने: ०.८६. अशीच पाच निकषांची सरासरी समजा ०.८६, ०.७२, ०.८१, ०.५५, ०.९० आली, तर प्रश्नाचा गुण ०.७६८, म्हणजे शंभरपैकी ७६.८. शेजारी दुसरा आकडा ठेवा: सर्वाधिक जणांनी दिलेलं उत्तर किती टक्के जणांचं? इथे पहिल्या निकषावर वीसांपैकी चौदा, म्हणजे ७० टक्के. पाचही निकषांची सरासरी काढली की एकमत किती हे कळतं. गुण जास्त आणि एकमत कमी असेल तर त्या प्रश्नावर बैठक घ्या; तिथे काही तरी दोन गटांना वेगळं कळतंय.

वंचितांच्या निकषाला दुप्पट वजन द्यायचं असेल तर ते गुण येण्याआधी ठरवा आणि लिहून ठेवा. वरच्या उदाहरणात वजन दुप्पट केलं की गुण ७९ होतो. निकाल पाहिल्यावर वजन बदलणं म्हणजे हवा तो प्रश्न वर काढणं.

गुण देणारे किमान वीस हवेत आणि त्यातल्या निम्म्या तरी मुलांबरोबर रोज असणाऱ्या असाव्यात. पत्रक गुजराती, मराठी आणि हिंदीत हवं. भरताना एकमेकींशी चर्चा नको. डॉक्टरसाहेबांनी काय लिहिलं हे कळलं की खोलीतल्या सगळ्यांचं उत्तर तेच होतं. एका बैठकीत वीस प्रश्न, मध्ये चहा, मग उरलेले.

एक कमजोरी या पद्धतीत पक्की आहे, ती आधीच ओळखा. सोपे प्रश्न वर येतात. घरातली मारहाण, अपंग मुलांचं लपवून ठेवलं जाणं, बापाचं दारूचं व्यसन आणि त्याचा लहान मुलावरचा परिणाम, हे प्रश्न "उत्तर मिळेल का" या निकषावरच घसरतात. म्हणून मुख्य यादीशेजारी पाच प्रश्नांची दुसरी, छोटी यादी ठेवा: गुण कमी, पण सोडून देता येणार नाहीत असे. त्यांच्यासाठी आधी पद्धत शोधण्याचं काम सुचवा.

सहावी पायरी: वरचे पाच प्रश्न जमिनीवर उतरतात का?

सयाजीराव महाराजांनी सक्तीचं प्राथमिक शिक्षण आधी १८९३ साली अमरेलीत करून पाहिलं आणि मग १९०६ साली साऱ्या संस्थानात लागू केलं. यादीतल्या वरच्या प्रश्नांनाही तशी छोटी कसोटी लावा. वीस मुलं, दोन आठवडे.

आधी संख्या पाहा. दोन गटांत ०.३ प्रमाण-विचलनाएवढा (प्रमाण-विचलन म्हणजे मुलामुलांत एरवी असणाऱ्या फरकाचं माप) फरक शोधायचा असेल (बालविकासातल्या चांगल्या कार्यक्रमाकडून एवढीच अपेक्षा ठेवावी) तर प्रत्येक गटात सुमारे १७५ मुलं लागतात. मुलं अंगणवाडीनुसार निवडली, एका अंगणवाडीतून दहा, तर एकाच ठिकाणची मुलं एकमेकांसारखी असल्याने संख्या वाढते. अंतर्गत साम्य ०.०५ धरलं तर १.४५ पट, म्हणजे सुमारे २५४. दहा टक्के मुलं मधे सुटतील असं धरून २८२. साठ मुलांत उत्तर का मिळत नाही, ते या हिशेबात दिसतं. एवढी मुलं जमणार नसतील तर प्रश्न लहान करा किंवा दोन संस्थांनी मिळून घ्या.

साधनाची निवड उद्देशावर. जागतिक आरोग्य संघटनेची २०२३ साली आलेली जीएसईडी श्रेणी तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे; युनिसेफची वीस प्रश्नांची ईसीडीआय-२०३० ही दोन ते पाच वर्षांसाठी. दोन्ही समूहाचं चित्र काढायला आहेत. त्यांवरून एकट्या मुलावर "मागे आहे" असा शिक्का मारू नका. जुन्या प्रमाणांची श्रेणी वापरत असाल तर आजच्या मुलांशी ती जुळते का, हे आधी छोट्या गटावर पाहा.

उंची मोजताना दोन वर्षांखालच्या मुलाला झोपवून, वरच्याला उभं करून. झोपवून मोजलेली लांबी उभ्या उंचीपेक्षा सुमारे ०.७ सेंमी जास्त भरते. दोन वर्षांचं रडणारं मूल उभं राहत नाही म्हणून झोपवलं तर ती नोंद करा आणि ०.७ वजा करा. दोघींनी स्वतंत्रपणे मोजायचं, फरक ७ मिमीपेक्षा जास्त आला तर पुन्हा. दर आठवड्याला आकड्यांचे शेवटचे अंक पाहा: ० आणि ५ फार दिसले की कुणी तरी अंदाजाने लिहितंय.

वय ममता कार्डावरूनच, म्हणजे माता-बालकाच्या आरोग्य-नोंदीच्या कार्डावरूनच घ्या, आईच्या आठवणीवरून नको; आठवणीत सगळी मुलं "दीड वर्षाची" किंवा "दोन वर्षांची" असतात. बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल तर दोन वर्षं वयापर्यंत तेवढे आठवडे वजा करा. महिनाभर आधी आलेल्या सहा महिन्यांच्या बाळाला पाच महिन्यांच्या बाळाशी ताडायचं असतं. हे विसरलं की निरोगी बाळ मागे पडलेलं दिसतं.

वेळ सकाळी दहा ते बारा, बाळ खाऊन-झोपून उठलेलं. नवरात्राच्या नऊ दिवसांत आणि उत्तरायणाला (संक्रांतीच्या पतंगांच्या सणाला) चाचणी नको. सगळं घर जागरणाचं किंवा गच्चीवर असतं. मजूर कुटुंबं होळीला आणि पेरणीला गावी जातात, तेव्हा दुसरी फेरी त्या महिन्यात ठेवली तर निम्मी मुलं सापडणार नाहीत आणि जी सापडतील ती वेगळ्याच घरांतली असतील.

संमतीशिवाय काही नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं वाचा आणि विद्यापीठाच्या किंवा रुग्णालयाच्या नैतिक समितीची मंजुरी आधी घ्या. दोन-तीन महिने त्यात जातात, ते वेळापत्रकात धरा. मूल खरंच मागे आढळलं तर कुठे पाठवायचं हे पहिल्या चाचणीआधी ठरलेलं असलं पाहिजे: राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातलं जिल्ह्याचं त्वरित हस्तक्षेप केंद्र, कोणत्या वारी कोण असतं, रिक्षाचं भाडं कोण देणार. आईशी बोलताना "मंद", "कमी" हे शब्द तोंडातून येऊ देऊ नका. "याला बोलायला थोडी मदत लागेल, कुठे मिळेल ते आम्ही दाखवतो" एवढं पुरतं, आणि ते खरंही असायला हवं.

आमच्या मते वर काय यावं

यादी तुमच्या माणसांच्या गुणांनीच ठरेल. तरी आमचं मत लिहून ठेवतो. पहिलं, पोचवणं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाला आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर लोहाचं सिरप द्यायचं हे धोरणात आहे. बाटली घरात गेल्यावर ती किती दिवस उघडली जाते, आणि काळी शी पाहून आजी ती बंद करते का, हे तपासलं तर रक्तक्षयाच्या आकड्यामागचं कोडं उलगडायला लागेल. दुसरं, बांधकामावरची मुलं: पाळणाघर असताना आणि नसताना सहा महिन्यांत काय फरक पडतो. तिसरं, वर लिहिलेला भाषेचा प्रश्न. चौथं, पूर. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हा ज्या घरांतली चूल, धान्य आणि खेळणी गेली तिथल्या तान्ह्या मुलांचं पुढे काय झालं, हे कुणी सलग पाहत असेल तर ती माहिती मनिलापासून चितगावपर्यंत कामाला येईल. पाचवं, उशीर लक्षात येणं आणि उपचार सुरू होणं यांत किती महिने जातात, आणि ते नेमके कोणत्या दारात जातात.

यादी तयार झाली की दोन पानी गुजराती प्रत काढून प्रश्न देणाऱ्या प्रत्येक सेविकेला आणि आईला हातात द्या, तिच्या प्रश्नाखाली रेघ मारून. मराठी आणि इंग्रजी प्रती विभागांना, रुग्णालयाला, महापालिकेला. तीन वर्षांनी तेच पत्रक पुन्हा काढा: उत्तर मिळालेले प्रश्न वगळा, नवे दहा गोळा करा, आणि पहिल्या वेळी ज्यांनी गुण दिले त्यांच्यातल्या निम्म्या तरी माणसांना पुन्हा बोलवा, म्हणजे दोन्ही याद्यांची तुलना करता येईल.